वाकडा पितळी पाइप, जोडकामासह

बँकेच्या कर्ज विभागात माझं अर्धं आयुष्य गेलं. समोरच्या माणसाला एखाद्या वस्तूची गरज आहे की नुसती हौस, हे मला तो खुर्ची ओढून घेतो त्यावरूनच कळतं. गरजवाला खुर्चीच्या कडेवर बसतो. हौसवाला ऐसपैस टेकतो आणि किंमत सांगण्याआधी रंग सांगतो. असल्या लोकांना मी चहा पाजते, चार शहाणपणाच्या गोष्टी सांगते आणि रिकाम्या हाताने परत पाठवते. त्यामुळे सॅक्सोफोन घ्यायचं ठरलं तेव्हा घरात एकमत झालं की ही खरेदी मीच करावी. एकमत म्हणजे माझं मत. नवऱ्याला आणि सासूबाईंना मी विचारलं नव्हतं.

सॅक्सोफोन कशाला, असं तुम्ही विचाराल. शाळेत असताना मी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायची. वाद्य शाळेचं होतं. शाळा सुटली तेव्हा ते कपाटात गेलं आणि मी हिशेबाच्या जगात आले. मग मधे लग्न, बढती, बदली, सासूबाईंचे गुडघे वगैरे. पण बँकेतून घरी येताना वाटेत बाग लागते, आणि बागेतल्या गोल चौथऱ्यावर हौशी लोकांचा एक बँड सराव करतो. मी रोज पाच मिनिटं बाकावर टेकायची. पाचाची वीस कधी झाली ते कळलं नाही. घरी मी सांगायची की कामं फार असतात.

एक दिवस बँडची एक खुर्ची रिकामी दिसली. टेनर, म्हणजे मधल्या आकाराच्या सॅक्सोफोनवाल्याची बदली झाली होती. मी धीर करून बँडमास्तरांपुढे जाऊन उभी राहिले. हे गृहस्थ पेशाने दातांचे डॉक्टर. त्यांनी आधी माझे दात पाहिले.

"पुढचे पक्के आहेत," ते म्हणाले. "पूर्वी काय वाजवायचात?"

"क्लॅरिनेट."

"क्लॅरिनेटवाले चार आहेत, आणि चौघांचं एकमेकांशी पटत नाही. पण क्लॅरिनेट येत असेल तर सॅक्सोफोनवर बोटं अगदीच परकी वाटणार नाहीत. एक करा. बाजारातल्या वाद्यांच्या दुकानातून तीन महिन्यांसाठी भाड्याने आणा. जमलं तर विकत घ्या, नाही जमलं तर परत द्या."

मी हसले. कागदपत्रं न आणता कर्ज मागायला येणाऱ्यांसाठी मी जे हसू राखून ठेवलंय, तेच. भाडं म्हणजे पाण्यात पैसा. तीन महिन्यांनी हातात काय? पावती.

"तेवढं माझ्यावर सोडा," मी म्हटलं. "पैसा कुठे आणि कसा घालायचा, हेच माझं काम आहे."

"बरं," डॉक्टर म्हणाले. "उन्हाळ्याच्या शेवटी आमचा कार्यक्रम आहे. तोवर खुर्ची ठेवतो. पण खेळण्यांच्या दुकानाचे मालकही दर रविवारी स्वतःचा टेनर घेऊन त्या बाकावर येऊन बसतात, एवढं लक्षात असू द्या."

मी त्या बाकाकडे पाहिलं. खेळण्यांच्या दुकानाचे मालक वाद्याची पेटी मांडीवर घेऊन, लग्नात जेवायला बसल्यासारखे, वाट पाहत बसले होते.

घरी आल्यावर मी जाहीर केलं. नवरा शाळेत भूगोल शिकवतो. कुठलीही गोष्ट किती लांबून येते यात त्याला रस. किंमत त्याच्या डोक्यात राहत नाही.

"नवीन घेऊ नकोस," तो म्हणाला. "वापरलेला घे."

"हो, पण चांगला वापरलेला."

"म्हणजे न वापरलेला," सासूबाई म्हणाल्या. त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं, पण तो कान कुठला हे त्या प्रसंगानुसार ठरवतात.

बातमी खालच्या मजल्यावर गेली. तिथे विमा विकणारे एक गृहस्थ राहतात. सगळी इमारत त्यांना विमाकाका म्हणते. काकांनी संगणकावर परदेशातले विक्रेते धुंडाळून दिले आणि तासाभरात माझा सॅक्सोफोन सापडला. फोटोत तो पांढऱ्या चादरीवर आडवा पडला होता, सोन्यासारखा. खाली लिहिलं होतं, "मोठा, दमदार, जवळजवळ नवा." किंमत बाजारभावाच्या निम्मीसुद्धा नाही. 'मोठा' हे मी कौतुक समजले. चादर होती म्हणजे पलंग होता, पण तो पलंग केवढा होता हे कुणी विचारतं का? मी ताबडतोब पैसे भरले. विमाकाकांनी लगेच वाद्याचा विमा उतरवला. वाद्य अजून समुद्रापलीकडे होतं.

वाचलेले पैसे असे नुसते पडू देणं बरं नव्हे. म्हणून मी आधी सामान आणलं. वाद्य ठेवायचा स्टँड, कागद ठेवायचा स्टँड, त्यावर लावायचा दिवा, गळ्यातला पट्टा, सूर तपासायचं यंत्र, आत ओढायचं पुसणं, आणि टेनरच्या रीडची पेटी. रीड म्हणजे तोंडाशी धरायची वेताची पातळ पट्टी. ती झिजते, म्हणून ठोक भावात घेतली, सूट मिळते. सगळं बैठकीच्या कोपऱ्यात मांडलं तेव्हा पाहुणे विचारायचे, कुणी आजारी आहे का?

वाद्य मात्र आलं नाही. आला तो कस्टम ऑफिसचा कागद. माझ्या नावे आलेलं नळकामाचं साहित्य अडवून ठेवलं आहे आणि मी परवानाधारक नळकारागीर असल्याचा दाखला घेऊन हजर व्हावं.

कस्टमचं ऑफिस बंदराला लागून, एका लांबलचक गोदामाच्या टोकाला आहे. तपासणी अधिकाऱ्यांचा एक चष्मा नाकावर होता आणि एक कपाळावर. कागद वाचताना ते खालचा वापरत, माणूस वाचताना वरचा.

"नळाची कामं करता?"

"मी बँकेत अधिकारी आहे."

"मग एवढं पितळ कशाला मागवलंत?"

"ते वाद्य आहे."

त्यांनी खोक्यावरची चिठ्ठी वाचून दाखवली. "वाकडा पितळी पाइप, जोडकामासह. हे पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलंय. वस्तू त्याची होती, त्याला जास्त माहीत."

पाठवणारा दुसरा शहाणा निघाला होता. माझा कर वाचावा म्हणून त्या भल्या माणसाने वाद्य हा शब्दच गाळला होता. इथे उलटा प्रकार होता. वाद्यांवर कर थोडा आणि नळाच्या सामानावर भरपूर. मी हे सगळं समजावून सांगितलं. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "उघडून बघू या."

खोकं उघडलं, पेटी उघडली. माझी पहिली समजूत अशी झाली की आत दोन आहेत. मग दिसलं की एकच आहे, पण तो वर जाऊन, वळसा घेऊन, विचार बदलून पुन्हा खाली आलाय. तो टेनर नव्हता. त्याचा थोरला भाऊ होता, बॅरिटोन. उभा केला तर माझ्या छातीशी येईल आणि कडेवर घेतला तर मला घेऊन पडेल.

"वाजवून दाखवा," अधिकारी म्हणाले.

सोबत आणलेल्या माझ्या टेनरच्या रीड त्याच्या तोंडाला फारच लहान होत्या. पेटीच्या कप्प्यात कुणा परक्या माणसाने चावून ठेवलेली एक जुनी रीड मिळाली. कर्ज विभागात इतकी वर्षं कमावलेली अब्रू बाजूला ठेवून मी ती रुमालाने पुसली, बसवली आणि फुंकले. काही नाही. पुन्हा फुंकले. तेही नाही. तिसऱ्यांदा मी बढती न मिळालेल्या सगळ्या वर्षांची हवा आत घातली.

जो आवाज निघाला तो मी काढला असं म्हणणं अन्याय होईल. तो कुठून तरी येऊन माझ्यातून निघून गेला. खिडक्या थरथरल्या. गोदामातले कामगार हातातली खोकी जिथल्या तिथे ठेवून हात धुवायला गेले. सकाळचं काम नुकतंच सुरू झालं होतं, पण जेवणाचा भोंगा वाजल्यावर वेळ बघायची त्यांना सवय नव्हती. त्यांना परत कामावर आणायला मुकादमाला बराच वेळ लागला, आणि दोघांचं तर जेवून झालं होतं.

अधिकाऱ्यांनी दोन्ही चष्मे काढले.

"मॅडम, हा पाइप नाही हे मी मान्य करतो. हा भोंगा आहे. इशारा देणारं उपकरण. यासाठी अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला लागेल."

"अहो, वाद्य आहे. सूर निघाला की."

"एक निघाला. नियमात 'ज्यातून सूर निघतात ते वाद्य' असं आहे."

"नुसतं 'ज्यातून सूर निघतो' असं नाही?"

"जुन्या नियमात 'सूर काढणारे साधन' असं होतं. त्यात सूर एक की अनेक हे कळेना. वरच्या ऑफिसला विचारलं. अनेक धरावेत असं उत्तर आलं. तुम्ही एखादं गाणं बसवून या. तोवर वस्तू इथे राहील. रोजचं गोदामभाडं पडेल."

भाडं. ज्या वस्तूला मी हातही लावू शकत नव्हते, तिचं.

घरी येऊन मी हिशेब मांडला आणि तो नवऱ्याला दाखवला नाही. गाणं बसवायचं तर वाद्य हवं. वाद्य कस्टममध्ये. बॅरिटोन आणि टेनर यांच्यावर बोटं सारखीच पडतात, म्हणून एकच मार्ग उरला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी बाजारातल्या त्या दुकानात गेले. दुकान चालवणाऱ्या आजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"डॉक्टरांनी पाठवलं का? मागेच येणार होतात म्हणाले."

"एक आठवड्यासाठी टेनर हवा होता."

"कमीत कमी तीन महिने," आजी म्हणाल्या.

मी खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते.

मग सराव सुरू झाला. पहिल्या संध्याकाळी इमारतीच्या सचिवांनी जिन्यात कागद लावला की एखाद्या घरात जनावर पाळलं असल्यास कळवावं. विमाकाका वर आले आणि वाद्याच्या तोंडात उशी कोंबायचा सल्ला देऊन गेले. त्यांच्या बायकोने निराळा सल्ला दिला. ती म्हणाली, त्यांच्या तोंडात कोंबा, मी उशी देते. मी कपड्यांचं कपाट उघडून, कोटांमध्ये तोंड घालून वाजवू लागले. कोटांनी बराच आवाज खाल्ला, पण शेवटी त्यांच्या बाह्यांतून वास येऊ लागला, आणि तो वास संगीताचा नव्हता. नवरा वह्या तपासायला जिन्यात जाऊन बसू लागला. सासूबाईंनी मात्र कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "फुंक गं, खुशाल. मला आता कुणाचंच ऐकू येत नाही."

तिसऱ्या दिवशी एक गोष्ट घडली. मी अंगाईची पहिली ओळ वाजवत होते, सगळ्यांना येते ती साधीच अंगाई, आणि दुसऱ्या ओळीकडे वळताना बोटं आपणहून गेली. मी नाही नेली. कितीतरी वर्षांपूर्वी बंद केलेल्या घराचं दार ढकललं आणि ते उघडंच होतं, असं काहीसं झालं. मी कोटांतून तोंड बाहेर काढलं आणि ती ओळ पुन्हा वाजवली, उघड्यावर. जिन्यातून नवरा ओरडून म्हणाला, "आत्ताचं काय होतं?"

"का?"

"काही नाही. बरं होतं."

या माणसाने मला लग्नातसुद्धा 'बरी दिसतेस' म्हटलं नव्हतं.

ठरल्या दिवशी आम्ही तिघंही कस्टममध्ये गेलो. सासूबाई यंत्र घालून आल्या होत्या. गोदामाच्या मुकादमाला आधीच ताकीद दिली गेली होती. अधिकाऱ्यांनी नियमाप्रमाणे दोन साक्षीदार बोलावले, शेजारच्या खिडकीवरच्या टंकलेखिका बाई आणि शिपाई. मी आजींच्या दुकानातून आणलेली बॅरिटोनची नवी रीड बसवली आणि सुरुवात केली. पहिली ओळ सुखरूप पार पडली. ही अंगाई मी टेनरवर बसवली होती, इथे ती जणू तळघरातून येत होती, पोट दुखणाऱ्या हत्तीला झोपवावं तशी. तिसऱ्या ओळीला माझी हवा संपली. मी थांबले. सगळे माझ्याकडे बघत राहिले. आणि ती ओळ टंकलेखिका बाईंनी म्हटली. त्या जागच्या जागी, हातातला शिक्का न ठेवता, अगदी हलक्या आवाजात गात होत्या. चौथी ओळ आम्ही दोघींनी मिळून पुरी केली.

खिडकीबाहेर कामगारांची रांग उभी होती. या वेळी जेवायला कुणी गेलं नव्हतं.

"आणखी एकदा," अधिकारी म्हणाले. मग घसा साफ करून म्हणाले, "नोंदीसाठी."

कागदावर शिक्का बसला, वाद्य. मी कर भरला, गोदामभाडं भरलं, आणि आम्ही टॅक्सीत बसलो. म्हणजे मागे पेटी आणि सासूबाई बसल्या, पुढे मी बसले आणि नवरा बसने आला. घरी पोचायला त्याला आमच्यापेक्षा तासभर जास्त लागला, पण तो कुठून कुठे गेला याचं वर्णन त्याने फार रंगवून केलं.

रविवारी पेटी ढकलत मी बागेत पोचले. टेनरच्या खुर्चीत खेळण्यांच्या दुकानाचे मालक बसले होते. त्यांनी मला पाहून मान खाली घातली. इतक्या सभ्य माणसाचा राग धरता येत नाही, हे फार वाईट असतं. मला कळवायची त्यांची हिंमत झाली नव्हती आणि वाट पाहायचा डॉक्टरांचा धीर संपला होता.

डॉक्टर पेटीभोवती एक फेरी मारून आले.

"हे काय?"

"चूक," मी म्हटलं.

"वाजवा."

मी एकच सूर वाजवला, सर्वांत खालचा, लांब. या एका आठवड्यात मला एवढं समजलं होतं की त्याच्यावर जोर करायचा नाही, त्याला वाट द्यायची. चारही क्लॅरिनेटवाल्यांनी एकाच वेळी मागे वळून पाहिलं. त्यांची एवढी एकजूट बँडने प्रथमच पाहिली असावी.

डॉक्टर ताल द्यायची काठी गालावर टेकवून उभे होते. "आमच्यात खालचं कुणीच नाही," ते म्हणाले. "आजवर आम्ही जबड्याशिवाय दातांसारखे वाजत होतो. बसा. खुर्ची आणा रे कुणी, जरा रुंद आणा."

माझ्यासाठी कुठल्याच गाण्यात काही लिहिलेलं नव्हतं. डॉक्टरांनी दोन पेशंटांच्या मधल्या वेळात माझे सूर लिहिले. शेवटच्या गाण्यात तर मला चारच सूर होते, अगदी शेवटी, सगळ्यांबरोबर. बाकी वेळ ठोके मोजत बसायचं. मोजण्यात माझा हात कोण धरणार?

मधे एका संध्याकाळी मी लवकर घरी आले, तर कपड्यांच्या कपाटातून आवाज येत होता. दार उघडलं. कोटांमध्ये नवरा उभा होता, गळ्यात माझा पट्टा, हातात भाड्याचा टेनर, चेहरा लालबुंद.

"तीन महिन्यांचं भाडं भरलंयस," तो म्हणाला. "वाया कशाला घालवायचं?"

त्याला पाच सूर येत होते. पाचवा जरा वाकडा होता. मी कपाटाचं दार लावलं नाही. बाहेर बॅरिटोन काढला आणि त्याच्या पाच सुरांखाली माझे दोन लावले. सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या, दोघांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आता जिन्यात कोण बसणार?" सामानाचा तो सगळा पसारा, स्टँड, दिवा, ठोक भावातल्या रीड, सगळं टेनरच्या मापाचं होतं. ते त्याने वापरायला काढलं. विमाकाकांनी विम्यात दुसरं नाव घालून दिलं.

कार्यक्रमाच्या दिवशी बाग भरली होती. बँकेचे व्यवस्थापक आले होते, कस्टमच्या टंकलेखिका बाई आल्या होत्या, आणि पहिल्या रांगेत मधोमध सासूबाई. शेवटचं गाणं सुरू झालं. मी मोजू लागले. सगळं नीट चाललं होतं, इतक्यात सासूबाईंना मी दिसले आणि त्यांनी हात हलवला. मला त्या दिसल्या नाहीत असं वाटून त्यांनी दोन्ही हात हलवले. मी मान हलवली. आणि आकडा गेला. सत्तावन्न की सदुसष्ट? मी डॉक्टरांकडे पाहिलं, ते क्लॅरिनेटांना आवरत होते. मी वाद्य ओठाला लावून तयार राहिले.

बँड थांबला. गाणं संपलं. डॉक्टरांची काठी हवेत, टाळ्या पडायच्या आधीची ती क्षणभराची शांतता, आणि त्या शांततेत मी माझे चार सूर वाजवले. अर्ध्यावर कळलं, पण कळून काय उपयोग? सुरू केलेलं काम मधे सोडायची मला सवय नाही. एक, दोन, तीन, आणि चौथा लांब, पार झाडांपर्यंत गेलेला.

मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनी. लोक उभे राहिले. लोकांना वाटलं, शेवट असाच आहे. सगळं आवरून झाल्यावर आतून कुणीतरी निरोप घ्यावा, तसा. डॉक्टर माझ्याकडे वळले तेव्हा त्यांचे सगळे दात दिसत होते.

"पुन्हा एकदा" असा गलका झाला. आम्ही ते गाणं पुन्हा वाजवलं. या वेळी मी आकडा सोडला नाही, सासूबाईंकडे पाहिलं नाही, आणि चारही सूर बरोबर जागी, सगळ्यांबरोबर बसले.

खाली उतरले तेव्हा ओठ सुजले होते, खांदा भरून आला होता आणि मला हसू आवरत नव्हतं. सासूबाईंनी माझा हात धरला.

"दुसऱ्या खेपेला तू वाजवलंसच नाहीस," त्या म्हणाल्या. "दमलीस का गं?"